बिगाऱ्याची वही: बडोद्यात कारेलीबागेतल्या टेनामेंटची (सोसायटीतल्या घराची) फरशी

काम: तळमजल्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम. जुनी मोझेक काढून 2 बाय 4 फुटी व्हिट्रिफाइड टाइल टाकायची. भिंतींचं खालचं प्लास्टर नव्याने.

माणसं: मामा (गवंडी, ठेका त्याचा). टाइल फिटर डुंगरपूरचा, सगळे भैया म्हणतात. दाहोदची बेन आणि तिचा नवरा, उचल-टाकीला. मी बिगारी, म्हणजे माल कालवणं, धरणं, पुसणं, आणि ही वही.

2 जानेवारी 2025, गुरुवार

गेल्या ऑगस्टच्या पुरात कालाघोड्याच्या पुलाशी विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची खूण 26 ची. या सोसायटीत कमरेएवढं पाणी होतं, घरमालकीण आजी वरच्या मजल्यावर अडकल्या होत्या. पाणी उतरल्यावर चिखल धुतला, पंखे लावून घर वाळवलं, पण फरशी चालताना डुगडुगायला लागली. खाली रेती-चुन्याचा थर आहे, तो जागोजाग वाहून गेलेला आणि वरची टाइल तशीच. दिवाळीआधी करून टाका असं घरचे म्हणत होते. मामाने नाही म्हटलं. ओल्या भिंतीवर केलेलं काम पुढच्या पावसाळ्यात परत बोलावतं आणि तेव्हा पैसे कोणी देत नाही, हे त्याचं म्हणणं.

आज फोडायला सुरुवात. मधे घण घातला की मोझेक फुटते, उंबऱ्याकडून पहार सरकवली की अख्खी सुटते. बेनला हे सांगावं लागलं नाही. अख्ख्या निघालेल्या फरश्या आजींना मागच्या अंगणात, तुळशीभोवती घालायच्या आहेत. त्या कडेला रचून ठेवल्या.

आजींचा मुलगा, दादा, पुण्याला असतो. दादांचा फोन आला, रोज फोटो पाठव. पाठवीन. पण फोटोत दिसते वरची टाइल, बिघडतं ते खालचं. म्हणून वही लिहितोय, महिन्याने कोणी विचारलं तर सांगता यावं.

4 जानेवारी, शनिवार

भिंतीवर पुराची रेघ आहे आणि तिच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत पांढरं पीठ. लोणा. वीट खालून पाणी ओढते, पाणी वाळतं आणि क्षार बाहेर येऊन बसतात. त्याने रंग सुटतो, मग प्लास्टर. आजींना वाटलं होतं रंगाचा एक हात मारला की झालं. पिठाच्या वर आणखी एक फूट सोडून प्लास्टर कापलं, विटांचे सांधे उकरले, तारेच्या ब्रशने घासले. पाण्याने धुवायचं नाही, क्षार विरघळून परत आत जातो. कोरडा झाडायचा आणि झाडलेलं उचलून बाहेर न्यायचं. खाली पडू दिलं तर तेच रेतीत मिसळतं.

मलबा ट्रॅक्टरमध्ये भरला. घमेलं मी खांद्यावर नेतो, बेन डोक्यावर. तिच्या फेऱ्या माझ्यापेक्षा जास्त होतात, हजेरी मात्र कमी. मामाला विचारलं तर म्हणाला, मजुरांच्या कडियानाक्यावर बाईमाणसाचा भावच तो आहे. समान कामाला समान पगार हा कायदा 1976 चा. नाक्यापर्यंत अजून पोचलेला दिसत नाही.

6 जानेवारी, सोमवार

रेती आली, ओरसंग नदीची, बोडेलीकडून. बडोद्यात चांगली रेती म्हटलं की ओरसंगच. तरी बाटलीत घालून पाहिली: अर्धी बाटली रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ, खळखळवून तीन तास ठेवायची. रेतीवर गाळाचा थर बसतो. तो रेतीच्या 8 टक्क्यांपेक्षा जाड असला तर रेती धुवावी लागते. आमची पास झाली.

मापाची गोष्ट कोणी शिकवत नाही म्हणून लिहून ठेवतो. दमट रेती फुगते. कणांभोवती पाणी धरलं की ते एकमेकांपासून लांब बसतात आणि तीच रेती मापात पाव हिश्श्यापर्यंत जास्त दिसते. मालाला रेती कमी पडते, सिमेंट जास्त होतं आणि वर केसासारख्या चिरा येतात. मग सगळे सिमेंटच्या कंपनीला नावं ठेवतात. आजची रेती मुठीत दाबली तर गोळा राहत होता, म्हणून मामाने प्रत्येक फरम्याला (मापाच्या पेटीला) वर एक घमेलं वाढवायला सांगितलं.

8 जानेवारी, बुधवार

प्लास्टर. एकास चार, एक सिमेंट, चार रेती. विटा काल संध्याकाळी भिजवल्या होत्या. विशेष काही नाही, हात दुखतात.

10 जानेवारी, शुक्रवार

जमिनीचा कोबा, म्हणजे टाइलखालचा सिमेंट-रेतीचा थर. मूळ काँक्रीटला टाचे (खाचा) मारून, झाडून, सिमेंटचं पाणी फिरवून मग माल. त्याआधी सकाळ गेली लेव्हल काढण्यात. लेझर मशीन मामाकडे आहे, पण त्याचा जीव अजून पाण्याच्या नळीत आहे. नळीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. माझं काम एकच, नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि टोक अंगठ्याने दाबून ठेवायचं नाही. बुडबुडा असला तर दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येत नाही आणि बघणाऱ्याला ते कळतही नाही. उन्हाकडे धरून नळी बोटभर बोटभर तपासली. पुढच्या दारापासून मागच्या मोरीपर्यंत जुनी जमीन बोटभर उतरती निघाली. पातळीच्या खुणेचे ठिय्ये मारले, दोरी ओढली, फळी फिरवली.

एका वेळी किती माल कालवायचा हे बिगाऱ्याच्या हातात असतं. पाणी पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच. फळीवाला हात थांबवून ओरडला तरी चालेल, पण घट्ट झालेल्या ढिगावर पाणी मारून तो पुन्हा जिवंत होत नाही. ओला दिसतो एवढंच.

14 जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. अख्खं बडोदं छतावर. भैया गावाला गेलाय, मामा मांडवीत भावाच्या गच्चीवर. कोब्याला सुट्टी नसते. सकाळी जाऊन पाणी मारलं, ओली पोती पसरली. आजींनी एका हातावर तिळगूळ दिला, दुसऱ्या हातात उंधियुंची वाटी. उद्या वासी उत्तरायण, उद्याही पाणी मारायला येणं आहे.

17 जानेवारी, शुक्रवार

मोरबीहून टाइल्स आल्या. एका पेटीत दोन नग, 15.5 चौरस फूट, वजन 30 किलोच्या आसपास. पेटी उभी ठेवायची, आडवी रचली की खालच्या पेटीतल्या टाइलचा कोपरा उडतो आणि ते उघडल्यावर कळतं. गाडी निघून गेलेली असते.

पहिलं काम पेटीवरचे शिक्के वाचणं: बॅच, शेड, साइज. दुकानदाराने दोन पेट्या दुसऱ्या बॅचच्या घुसडल्या होत्या. नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसत होत्या. दारातल्या उन्हात शेजारी ठेवल्या तर एक पिवळसर. परत पाठवल्या. दुकानदार फोनवर म्हणाला, जमिनीवर कोण बघतंय. आजी म्हणाल्या, मी बघते, मला दिवसभर तेच काम आहे.

दुसरं: दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरल्या. मधे टेकल्या, टोकांना नखाएवढी फट. भट्टीतून येताना चार फुटी टाइल मधे किंचित फुगते, हा दोष नाही, सगळ्यांतच असतं. पण आजींना विटांसारखा अर्धा-अर्धा जोड हवा होता. तसा टाकला तर एका टाइलचं फुगलेलं पोट दुसरीच्या बसलेल्या टोकाशेजारी येतं आणि पायाला ठेच लागते. भैया काल आलाय, त्याने तिथेच दोन टाइल्स मांडून आजींना अनवाणी चालवलं. एक-तृतीयांश जोड ठरला. एरवी भैया फार बोलत नाही, पण हे समजावणं त्याला जमतं.

तिसरं माझं: प्रत्येक टाइलची पाठ ओल्या फडक्याने पुसणं. भट्टीच्या रोलरला चिकटू नये म्हणून मागे पांढरी भुकटी लावलेली असते. बोट फिरवलं की बोट पांढरं. टाइल चिकटवायचं केमिकल त्या भुकटीला धरतं, टाइलला नाही. पुढे कधीतरी टाइल पोकळ वाजते तेव्हा तिच्या पाठीवर ही भुकटी जशीच्या तशी निघते.

18 जानेवारी, शनिवार

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं. दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा, भिंतीवर फूटभर चढवलेला. नहाणी ट्रॅपला (पाणी जायच्या जाळीला) बोळा घालून पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. 48 तास. दार लावून वर चिठ्ठी: नळ सोडू नये, पाणी काढू नये. चिठ्ठी आजींसाठी नाही, बेनच्या नवऱ्यासाठी, त्याला स्वच्छतेची भारी हौस.

20 जानेवारी, सोमवार

बाथरूमचं पाणी खुणेवरच. बाहेरून भिंत कोरडी. पुढचं काम मोकळं.

खोलीत कोरडी मांडणी. तीन-चार-पाचचा गुण्या काढला: एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4, तिरकं 5 आलं तर काटकोन. आलं नाही. खोली एका बाजूला दीड इंच तिरकी आहे, 1970 च्या दशकातली घरं अशीच. तिरकेपण कुठे ढकलायचं हाच सगळा खेळ. भैयाने दारासमोरची ओळ सरळ धरली आणि तिरकी कापणी पलंगाखाली नेली.

कटर चालू झाला. कापणारा वाऱ्याकडे पाठ करून बसतो, टाइल धरणारा त्याच्या समोर. धूळ कोणाच्या तोंडावर जाते ते लिहायला नको. ही साधी धूळ नाही, त्यात सिलिका असते, फुफ्फुसात बसली की निघत नाही. गोधरा-बालासिनोरकडच्या दगड दळायच्या कारखान्यांत अलिराजपूर, झाबुआ, धारचे मजूर याच धुळीने गेले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 238 मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. बेनचं माहेर अलिराजपूरकडचं. तिला या धुळीबद्दल काही सांगावं लागत नाही, ती कटर लागला की अंगणात जाते.

मी झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली पात्यावर धरली. भैया कुरकुरला, चिखलात लाइन दिसत नाही. लाइन पेन्सिलीऐवजी मार्करने मारून दिली. कटरही ओट्यावर, घराबाहेर नेला. जेवणापर्यंत त्याची कुरकुर थांबली.

21 जानेवारी, मंगळवार

पहिली ओळ. केमिकलची रीत: बादलीत आधी पाणी, मग पावडर. उलटं केलं तर तळाशी कोरड्या गाठी राहतात. 20 किलोच्या पिशवीला पाणी पिशवीवर छापलंय तेवढंच, मापाच्या भांड्याने. ड्रिलला पॅडल लावून फिरवायचं, पाच मिनिटं तसंच ठेवायचं आणि पुन्हा एकदा फिरवायचं. ही पाच मिनिटं कोणी पाळत नाही, कारण फिटर तयार बसलेला असतो. म्हणून त्याची आधीची बादली अर्धी असतानाच मी पुढची कालवायला घेतो. दाट श्रीखंडासारखं झालं पाहिजे, थापी उभी केली तर पडू नये.

10 मिलिमीटरची दातेरी थापी, रेघा सगळ्या एकाच दिशेने. गोलगोल फिरवल्या तर मधे हवा कोंडते. टाइलच्या पाठीवरही पातळ हात. दोघांनी धरून टेकवायची, रेघांना आडवी किंचित सरकवायची, रबरी हातोडा, दोन मिलिमीटरचे स्पेसर. टाइलमागचे बाण सगळे एकीकडे. बाण बघणं माझ्याकडे आहे, भैयाला पाठ दिसतच नाही.

23 जानेवारी, गुरुवार

आज भैयाशी वाजलं.

दुपारी पंखा चालू होता, दारातून कोरडा वारा. भैयाने एकदम तीन टाइल्सची जागा सारवून ठेवली आणि मग कापणीला गेला. परत आला तोवर रेघांवर चकाकी गेलेली. मी बोट टेकवून पाहिलं, बोटाला काहीच लागलं नाही. वर साय धरली होती. बादलीतलंही घट्ट झालेलं. भैया म्हणाला, ‘‘पानी मार दे थोड़ा, चल जाएगा.’’ मी बादली उचलून बाजूला ठेवली आणि मामाला हाक मारली.

मामाने वाद घातला नाही. भैयाला म्हणाला, या सारवलेल्यावर एक टाइल ठेव, हातोडा मार, आणि काढ. काढली. पाठ जवळजवळ स्वच्छ, रेघा जमिनीवर तशाच उभ्या, मधे चार बोटं जागा तेवढी चिकटलेली. मग ताज्या मालावर दुसरी ठेवून काढली. पाठ पूर्ण भरलेली, रेघा चेपून एक झालेल्या, टाइल सुटताना दोघांचा जोर लागला. भैयाने न बोलता साय धरलेलं खरवडायला घेतलं. उरलेली बादली फेकली. पैसे मामाचे गेले.

भैयाला दोष देऊन भागत नाही. त्याला फुटावर पैसे, मला रोजावर. त्याचं प्रत्येक मिनिट फुटात मोजलं जातं, म्हणून तो पुढे सारवून ठेवणार. माझं मिनिट कसंही गेलं तरी संध्याकाळी तेवढेच. म्हणून घाई न करणं मलाच परवडतं, आणि म्हणूनच पाणी, वेळ, पाठ पुसणं या गोष्टी बिगाऱ्याकडे असाव्यात असं मला वाटतं. मामाला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, मग तुझा रोजही तसाच मागशील. मागणार आहे.

दादांना दोन्ही पाठींचा फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

27 जानेवारी, सोमवार

बाथरूमच्या भिंती. इथे सिरॅमिक, आणि भैयाच्या आग्रहाने सिमेंटवरच. नियम उलटा: या टाइल्स पाणी पितात, म्हणून भिजवायच्या. हौदात सोडल्या की पाठीतून बुडबुडे येतात, बुडबुडे थांबले की भिजल्या. मग काढून उभ्या ठेवायच्या, पाठीवरचं पाणी निथळून ओलसर राहिली पाहिजे. कोरडी लावली तर ती सिमेंटमधलं पाणी शोषते आणि सिमेंट पिकायच्या आधीच मरतं. व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, ती रात्रभर भिजवली तरी काही होणार नाही. तरी अनेक जण दोन्ही भिजवतात, कारण उस्तादने भिजवल्या होत्या.

जमिनीला उतार मीटरला एक सेंटिमीटर, नहाणी ट्रॅपकडे. तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. कमोडच्या मागे थोडं रेंगाळलं, तेवढा भाग ओला असतानाच परत केला.

31 जानेवारी, शुक्रवार

काम अर्धा दिवस. बेनला रेशनच्या दुकानातून परत पाठवलं, मशीन अंगठा घेत नाही. सिमेंटने बोटांच्या रेघा खाल्ल्यात. माझाही फोन आता बोटाने उघडत नाही, आकडे टाकतो. रबरी हातमोजे घालून स्पेसर बसवता येत नाहीत, पण कालवताना तरी घालावेत. घरी गेल्यावर आधी साध्या पाण्याने धुवून मग खोबरेल.

तिला म्हटलं, बांधकाम मजुराचं ई-निर्माण कार्ड काढ. वर्षात 90 दिवस काम केल्याचं लिहून लागतं आणि वय 18 ते 60. मामा लिहून देईल, मी त्याच्यासमोरच विचारलं. नाक्यावर 5 रुपयांत सरकारच्या श्रमिक अन्नपूर्णा योजनेचं जेवण मिळतं तेही या कार्डावर. तिने विचारलं, कार्ड काढायला अंगठा लागतो का?

4 फेब्रुवारी, मंगळवार

सांधे ग्राउटने भरले. टाइल बसवतानाच सांध्यातलं केमिकल मी काडीने काढत होतो, त्याचा आज फायदा. जिथे काढलेलं नसतं तिथे ग्राउट नुसतं वर बसतं आणि झाडूने निघून जातं. बाथरूममध्ये इपॉक्सी. ते थोडं थोडंच कालवायचं आणि लागलीच पुसायचं, टाइलवर वाळलेलं काढता काढता जीव जातो. पुसायचा स्पंज ओलसर हवा, ओला नको. भैया मधेच म्हणाला, शेवटी ॲसिड मारू, चकाचक होईल. नाही मारू दिलं. ॲसिड सिमेंटचं ग्राउट खातं, चकाकी महिनाभर आणि सांधे कायमचे भुसभुशीत. आजींनाही सांगून ठेवलं की मोलकरणीला बाजारची ॲसिडची बाटली देऊ नका. त्यांनी संडासामागची बाटली आणून माझ्याच हातात दिली.

7 फेब्रुवारी, शुक्रवार

ठोकणी. लाकडी दांडा घेऊन प्रत्येक टाइलचे चार कोपरे आणि मधली जागा. पुढच्या खोलीत सगळ्या भरीव. स्वयंपाकघरात सिंकखाली एका टाइलचा कोपरा पोकळ, तिथे पाय पडत नाही, ठेवली. दारातली एक मात्र पोकळ वाजली. तिथे रोज पाय पडणार आणि सिलिंडर सरकणार. काढायला लावली. भैयाने तोंड वाकडं केलं, पण काढली.

मापं झाली. भैयाचं फुटाचं गणित आणि मामाचं गणित जुळत नव्हतं. भैया पेट्या मोजत होता, मामा जमीन. कापणीत गेलेल्या तुकड्यांचे फूट कोणाचे यावर चहा थंड झाला. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) रनिंग फुटाने वेगळं धरलं आणि मिटलं.

तुकडे टाकून दिले नाहीत. बाथरूमच्या पांढऱ्या सिरॅमिकचे तुकडे गोणीत भरले, वर गच्चीवर चायना मोझेकला. पांढरं असलं की ऊन परतवतं, खालची खोली एप्रिल-मेमध्ये निवते. मामा उन्हाळ्याआधी करणार आहे. व्हिट्रिफाइडचे तुकडे वेगळे काढले, ते पाणी पीत नाहीत, सिमेंटला धरत नाहीत, गच्चीवर दोन पावसाळ्यांत सुटतील.

शिल्लक दोन पेट्या माळ्यावर उभ्या ठेवल्या. बॅच आणि शेडचा शिक्का बाहेरच्या बाजूला, फोटो दादांना. पॅडल, थापी, नळी धुवून मामाच्या स्कूटरवर. सोमवारपासून मांजलपूर, तिथे तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही. रोजाचं बोलणं झालं, वाढवून दिला. बेनचाही वाढवला, माझ्याएवढा नाही.